चाकणच्या कँटीनमधलं एक ताट

चाकणच्या निवडणुकीची गोष्ट मी देवरुखात बऱ्याच जणांना सांगितली आहे. वाचनालयाच्या पायऱ्यांवर सांगितली, एसटी पेन्शनरांच्या सभेत सांगितली, एका लग्नात तर वाढपी थांबवून सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. पेन्शनरांनी शाल दिली. प्रत्येक वेळी मतदानाच्या दिवसाशी आलो की मी "मग दुपारची जेवणं झाली" एवढंच म्हणून पुढे सरकत असे. त्या जेवणापायी एका भल्या माणसाचं नाव गेलं. म्हणून हा प्रवास पहिल्यापासून पुन्हा लिहितो आहे. ज्यांनी तो माझ्या तोंडून ऐकला असेल त्यांनी तो विसरावा आणि हा खरा धरावा. शाल परत मागितल्यास देईन, धुतलेली आहे.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. निवृत्त झाल्यावर पतसंस्थांच्या आणि देवस्थानांच्या निवडणुका घेण्याचा मला नाद लागला. माणसांना रांगेत उभं करणं आणि त्यांची तक्रार ऐकून न ऐकल्यासारखं करणं, एवढंच त्या कामाला लागतं, आणि ते मी आयुष्यभर केलं होतं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे. तिथल्या कामगार संघटनेकडून कुणाच्या तरी ओळखीनं मला निरोप आला. अध्यक्षपदाची निवडणूक आहे, सामना अटीतटीचा आहे, त्यात कंपनीशी युद्ध चालू आहे, आमच्यात कुणाचा कुणावर भरवसा उरलेला नाही; तुमचं इथे कुणी नातेवाईक नाही, म्हणून तुम्ही या. नातेवाईक नसल्याबद्दल इतका मान मला आधी कधी मिळाला नव्हता. निघालो.

नाशिक फाटा

गाडीतल्या प्रवासाचं काही लिहीत नाही. जन्मभर दुसऱ्यांना गाडीत बसवलं, त्यामुळे स्वतः बसलो की मला फक्त ड्रायव्हरच्या चुका दिसतात.

नाशिक फाट्याला उतरलो तर मला न्यायला दोन माणसं आली होती, दोन्ही पक्षांचा एकेक. माझ्या पिशवीला दोन बंद होते हे नशीब. एकानं एक धरला, दुसऱ्यानं दुसरा, आणि माझी पिशवी झोळीतल्या बाळासारखी झुलत रिक्षापर्यंत गेली. त्यातला एक, संघटनेचे चालू अध्यक्ष बबनराव यांचा माणूस. तो बोलत नसे, दुसरा काय बोलतो ते ऐकत असे. दुसरा उत्तम. तो मूळचा लातूरकडचा, भोसरीत भाड्याच्या खोलीत बायकोमुलांसह राहणारा, अंगानं भरलेला, आणि कुठलाही विषय काढला तरी दुसऱ्या वाक्याला खाण्यावर येणारा. मी प्रवास कसा झाला ते सांगत होतो, तर त्यानं विचारलं, घाटात थांबली तेव्हा वडा कसा होता.

युद्धाचं कारण मला रिक्षातच कळलं. कारखान्यात जेवणाच्या दोन पंगती होत्या. साहेब लोकांच्या ताटात दही आणि पापड. कामगारांच्या ताटात दोन्ही नाही. गणपती उठल्यावर बबनरावांनी जाहीर केलं की सगळ्यांना एकच जेवण मिळेपर्यंत कँटीनचा घास घ्यायचा नाही. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा कँटीनमधल्या ताटांच्या चळतीचीही पूजा केली. सर्वांत वरच्या ताटावर कुंकवाचं बोट ओढलं, नारळ फोडला, आणि विजय मिळेपर्यंत हे ताट हलणार नाही अशी शपथ घेतली. मी गेलो तेव्हा संक्रांत उलटून गेली होती. ताट हललं नव्हतं.

मागणी रास्त होती, हे कुणीही नाकारत नव्हतं. पण बायका पहाटे उठून डबे करून कावल्या होत्या. खोल्यांवर एकटी राहणारी पोरं वडापाव खाऊन शिफ्ट काढत होती. गेटबाहेरच्या वडेवाल्यानं तेवढी दुसरी गाडी लावली होती. अशा वेळी निवडणूक आली. बबनराव म्हणत, दही आणि पापड, दोन्ही मिळेपर्यंत लढायचं. त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला मिलिंद म्हणत होता, आज पापड घेऊन जेवायला बसू, दह्याची बोलणी जेवता जेवता करू.

"काका, लढाई दह्याची हाय," उत्तम म्हणाला, "पन घुसळायलेत आमाला."

बबनरावांच्या माणसानं हे लक्षात ठेवल्यासारखं बाहेर पाहिलं.

दोन घरची जेवणं

मी कुणाकडे राहायचं यावर आधी दोन सभा झाल्या होत्या म्हणे. शेवटी ठरलं ते असं: एक मुक्काम बबनरावांकडे, एक मिलिंदकडे, आणि दोन्हीकडे सारखंच जेवायचं. 

बबनराव चाकणजवळच्या गावातले जुने रहिवासी. जिथे त्यांच्या वडिलांनी बटाटे काढले, तिथे आता तीन कारखान्यांच्या भिंती आहेत, आणि त्यातल्या एकात बबनराव कामाला. त्यांच्या घरी जाताना कांद्याच्या बाजारावरून गेलो. ट्रकांची रांग इतकी मोठी की आमच्या पूर्ण डेपोच्या गाड्या तिच्या शेपटाला लागल्या असत्या. जेवायला बाजरीची भाकरी, पिठलं, खरडा. आमच्याकडे भात म्हणजे जेवण. इथे भात सगळ्यांत शेवटी, पाहुण्याला आठवण झाली तर. भाकरी मोडताना मी चाचरलो तेव्हा बबनरावांच्या बायकोनं ती माझ्या ताटात कुस्करून दिली. त्यांना म्हटलं, तुम्हालाही पहाटे उठावं लागत असेल.

"तर. लढा ह्यांचा, पहाट माजी," त्या म्हणाल्या. बबनरावांनी ऐकलं नाही असं दाखवलं. यावरून ते चांगले पुढारी आहेत हे माझ्या लक्षात आलं.

कँटीन बंद नव्हतं, हेही मला तिथेच कळलं. आम्ही वाढतो, हेच जेवत नाहीत, असं म्हणता यावं म्हणून कंपनी रोज सगळ्या शिफ्टचा स्वयंपाक करवत होती आणि संध्याकाळी तो पातेल्यांनी गोठ्यात जात होता. या युद्धात वजन वाढलं ते फक्त म्हशींचं. आणि म्हशी होत्या बबनरावांच्या चुलतभावाच्या. मी ते जरा हसत बोलून दाखवलं.

"म्हशी आमच्या सभासद न्हाईत, साहेब," बबनराव शांतपणे म्हणाले आणि मला आणखी एक भाकरी घातली.

दुसऱ्या दिवशी मिलिंदकडे, पिंपरीला. त्याचे वडीलही कारखान्यातच आयुष्य काढलेले, आता नव्हते. कपाटावर बुद्धाची मूर्ती, तिच्या शेजारी वडिलांना मिळालेलं सुरक्षेचं बक्षीस. घरात मिलिंद, त्याची बायको आणि आई. वरण, भात, चपाती, भरलं वांगं. भात दिसताच मला घरी आल्यासारखं झालं, पण पहिला घास घेतो न घेतो तोच मिलिंदनं आवाज खाली आणून सांगितलं, "काका, हवं तेवढं जेवा. फक्त काल तिकडे भाकरी जास्त झाल्यात, असा रिपोर्ट आहे. इथे कमी पडू देऊ नका."

टीव्हीवर कुठल्याशा दूरच्या देशाची बातमी चालू होती. तिथेही युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती, दोघांत थोडकाच फरक होता आणि लोक युद्धाला कंटाळले होते. मिलिंदची आई ते बघून म्हणाली, "त्यांच्या बायांनाबी डबे करावे लागत असतील."

मी दोन्ही घरी पोट फुटेपर्यंत जेवलो आणि कुणाचाही झालो नाही. याचा मला अभिमान होता. अजूनही त्या दोन दिवसांपुरता आहे.

मतदान

मतदानाच्या दिवशी मला टाइम ऑफिसशेजारची एक खोली दिली होती. पहिल्या शिफ्टच्या लोकांनी सकाळी आत जाताना मतं दिली, उरलेले सुटल्यावर देणार होते. दुसरी शिफ्ट तीनच्या सुमारास येणार होती. मधली दुपार मोकळी. पेटी पलीकडे टाइम ऑफिसात, आणि तिच्यापाशी दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी एकमेकांकडे पाहत बसले होते.

जेवणाचीही वाटणी ठरली होती. चपात्या बबनरावांच्या घरच्या, भाजी मिलिंदच्या घरची. चपात्या सकाळीच आल्या. भाजी आणायला उत्तम दुचाकीवर पिंपरीला गेला आणि येताना चाकणच्या चौकात अडकला. तो चौक ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. तिथे गाड्या जात नाहीत, राहतात. 

मला साखरेचा आजार आहे. एक वाजून गेला, हात थरथरायला लागले. समोर चपात्या होत्या, पण नुसत्या चपात्या खाव्यात तर ते बबनरावांचं जेवण झालं असतं. म्हणून पाणी तरी पिऊ, या विचारानं उठलो. पाण्याचा कूलर कँटीनच्या दाराशी. लोक बाटल्या भरायचे आणि आत न बघता निघून जायचे. मी आत बघितलं.

एवढ्या मोठ्या दालनात एक माणूस होता. पांढरा एप्रन, हातात पळी, पुढ्यात वाफाळलेली पातेली. तो ओडिशाचा आचारी, प्रधान. रिकाम्या बाकांकडे तोंड करून तो असा उभा होता, जशी फलाटावर शेवटची गाडी सुटल्यानंतर माझी नियंत्रकाची टपरी असायची. मला बघून तो दचकला. मग म्हणाला, "साब, नमक देख लो ना एक बार. चार महिने से कोई बताता नहीं."

मी म्हटलं, मी जेवू शकत नाही, मी निवडणुकीचा आहे. तो म्हणाला, जेवू नका, फक्त मीठ बघा. आणि त्यानं चळतीतलं वरचं ताट ओढलं, फडक्यानं पुसलं. पुसताना फडक्याला लाल काहीतरी लागलेलं मी पाहिलं. मला वाटलं, तिखट असेल. 

पुऱ्या होत्या. बटाट्याची पातळ भाजी, मटकीची उसळ, भात. मीठ बरोबर होतं. हे मी पहिल्या घासालाच सांगितलं आणि तिथेच थांबायला हवं होतं. हाताची थरथर दुसऱ्या पुरीला थांबली. साखरेचा आजार तिथवरच माझ्या बाजूनं साक्ष देईल. पुढच्या पुऱ्या, दुसऱ्यांदा घेतलेला भात आणि शेवटी चाटलेलं बोट, यांचा आजाराशी काही संबंध नाही. ते जेवण चांगलं होतं आणि आचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. प्रधाननं ताट धुऊन जिथलं होतं तिथे ठेवलं. बिनकुंकवाचं.

खोलीत परत येतो तोच उत्तम घामानं डबडबून आला, हातात भाजीचा डबा. उशीर झाल्याबद्दल माझी माफी मागायला लागला. माझ्या पोटात आता तीळ मावत नव्हता. मी म्हटलं, मला भूक नाही, प्रवासानं पोट बिघडलं आहे, तूच खा, चपात्याही घे. त्यानं दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा माणूस नको म्हणत नाही, आणि उत्तम तर नाहीच. तो शेडच्या मागे बसून निवांत जेवला आणि हात धुवायला जवळच्या नळावर गेला. तो नळ कँटीनचा.

दुसरी शिफ्ट आली, कूलरवर रांग लागली, आणि कुणीतरी आत पाहिलं.

कुंकू पुसलेल्या ताटाची बातमी कारखानाभर पसरायला वेळ लागला नाही. कुणीतरी जेवलं. निवडणुकीच्या दिवशी कुणीतरी फुटलं. मग बबनरावांच्या दोन माणसांना आठवलं की उत्तम दुपारभर कामावर दिसला नाही, आणि मग कँटीनच्या नळावर हात धुताना, ढेकर देताना दिसला. उत्तम मिलिंदचा माणूस, आणि मिलिंद तर म्हणतच होता, जेवायला बसू. त्यांना हिशेब फार सोपा गेला.

सगळे माझ्या खोलीच्या दाराशी जमले. उत्तम म्हणत होता की मी निवडणूकवाल्या काकांचा डबा खाल्ला, त्यांनीच दिला, विचारा त्यांना. तो घाबरला नव्हता. माझ्याकडे बघून हसलाही, कारण आता मी बोललो की प्रकरण मिटणार होतं.

बबनराव पुढे आले. "साहेब, येकच सांगा. तुमचा डबा कुनी खाल्ला? तुमी, का यानं?"

त्यानं, असं म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तुम्ही काय खाल्लं? निवडणूक अधिकारी कंपनीचं जेवला म्हटल्यावर निवडणूक रद्द होणार, पुन्हा सभा, पुन्हा महिनाभर डबे. हे सगळं मी नंतर स्वतःला समजावलं. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं, की या वयात मी पुऱ्यांसाठी पकडला जाणार.

"मी," मी म्हणालो. "माझा डबा मीच खाल्ला."

चुकीच्या गाडीत बसवून दिलेला प्रवासी, गाडी सुटल्यावर खिडकीतून नियंत्रकाकडे बघतो, तसं उत्तमनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मला नोकरीपासून ओळखीची आहे. गाडी निघून जाते, म्हणून सोसता येते. उत्तम तिथेच उभा होता.

बबनराव निवडून आले. फरक इतका थोडा होता की मिलिंदच्या माणसांनी मतं तीनदा मोजायला लावली, आणि मी तीनदा मोजली, अगदी प्रामाणिकपणे. मिलिंदनं माझ्याशी हात मिळवला. बबनरावांनी मला नारळ दिला आणि भाषणात सांगितलं की या माणसानं दोन्ही पक्षांचं मीठ खाल्लं आणि कुणाचाही झाला नाही. टाळ्या झाल्या. मीठ मी तिसऱ्याच पक्षाचं खाल्लं होतं, आणि ते बरोबर पडलं होतं.

पुन्हा चाकण

देवरुखात मी ही गोष्ट सांगत राहिलो. ती दर वेळी जास्त चांगली होत गेली.

मग एका दुपारी उत्तमचा फोन आला. माझी तब्येत विचारली, पाऊस विचारला, आमच्याकडे फणस कधी पिकतात ते विचारलं. मी जय महाराष्ट्र म्हणून ठेवणार होतो, तेव्हा तो म्हणाला, "काका, एक इचारू का? त्या दिवशी तुमी डबा मला दिला व्हता ना? लोकं इतकं म्हनायलेत, की माझं मलाच आता खरं वाटंना."

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी चार दिवस रागावून राहिलो असतो. मी म्हटलं, दिला होता. मग तो म्हणाला, "बरं झालं," आणि फोन ठेवला. मी दुसऱ्या दिवशीची गाडी धरली.

यावेळी पिशवी धरायला कुणी नव्हतं. मिलिंदनं गेटपास करून ठेवला होता. मी का येतो आहे ते त्याला सांगितलं नव्हतं. बबनरावांना भेटायचं आहे, जेवणाच्या सुट्टीत, एवढंच म्हणालो होतो. आत जाता जाता त्यानं सांगितलं की लढा संपला. कंपनीनं पापडही दिला आणि दहीही. बबनराव बरोबर ठरले; फक्त वेळ लागला. यावर मिलिंद मोकळेपणानं हसला.

कँटीन भरलं होतं. मी पाहिलेली रिकामी बाकं दिसेनाशी झाली होती. ताटांचा आवाज, हाका, प्रधान पळी घेऊन घामाघूम. त्यानं मला ओळखलं आणि लगेच नजर काढून घेतली. तो माझं नाव कुणाजवळ बोलला नव्हता. सगळे त्या कँटीनचं जेवत होते, आणि त्यांच्यात एका टेबलावर उत्तम एकटा बसला होता. त्याच्या समोरचं बाक रिकामं. ताट, अशी हाक त्याला मारतात, हे मला मिलिंदनं सांगितलं. ए ताट, सरक. ए ताट, नट दे.

बबनराव मधल्या टेबलावर होते. मला बघून उठले, जागा करून दिली. मी बसलो नाही. निवडणुका घेताना आवाज मोठा करायची सवय आहे, तो तेवढा कामी आला. म्हटलं, मतदानाच्या दिवशी ते ताट मी काढायला लावलं. त्यात मी जेवलो. माझा डबा मी उत्तमला दिला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो.

कुणीतरी हसलं, मग थांबलं. दुसऱ्या शिफ्टची मतं त्या ताटाच्या रागानं फिरली होती, बबनरावांची खुर्ची त्यावर आली होती, हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार.

"आता काय म्हन्ता, साहेब," ते म्हणाले. "निवडनूक परत घ्यायची?"

मी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंद म्हणाला, "खुर्ची ठेवा, भाऊ. ती पुढच्या वेळी घेतो. आज याला नावानं हाक मारा. सगळ्यांसमोर."

बबनरावांनी रुमालानं तोंड पुसलं. माणूस हट्टी, पण कोता नाही. ते उठले, आपलं ताट उचललं, बाकांच्या मधून चालत गेले आणि त्या रिकाम्या बाकासमोर उभे राहिले. "उत्तमराव," ते म्हणाले, "बसू का?" त्यांच्यामागून मिलिंद आणि आणखी चारसहा जण ताटं घेऊन आले. मीही गेलो, कारण कुणीतरी माझ्याही हातात ताट दिलं होतं.

उत्तम जेवत होता. त्यानं घास गिळला, पाण्याचा घोट घेतला, आणि मान वर केली.

"न्हाई," तो म्हणाला. "इतके दिवस तुमी बसवलं म्हनून एकटा बसलो. आज माझ्या मर्जीनं बसतो. तुमी बी थांबा, काका."

बबनराव थांबले. मीही थांबलो. सुट्टी संपत आली होती, भरली ताटं हातात जड होत होती, दही भातात पसरत होतं, आणि संघटनेचा अध्यक्ष, त्याचा विरोधक आणि निवडणूक अधिकारी असे आम्ही ओळीनं उभे होतो. उत्तमनं ताटातलं सगळं सावकाश संपवलं. मग प्रधानकडे बघून हात वर केला आणि आणखी भात मागवला.